टर्मिनलमधून गाणी ऐकायला कुठला प्लेअर घेऊ? जुना लॅपटॉप आहे, बाबांच्या कॅसेटींच्या फाइल्स आहेत

सांजवेळ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज सवड झाली म्हणून लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. माझ्या बाबांकडे (वय ७६) साधारण १४० कॅसेटी होत्या, शास्त्रीय, नाट्यसंगीत, भजनं, काही त्यांच्या मित्रांच्या घरगुती बैठकींच्या. रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षं बसून त्यांनी टेपडेकची वायर कॉम्प्युटरला जोडून एकेक कॅसेट उतरवून घेतली, एक बाजू म्हणजे एक डब्ल्यूएव्ही फाइल, सी-९० असेल तर अख्खी ४५ मिनिटं सलग. फाइलींची नावं देवनागरीतच आहेत, 'कॅसेट ०३७ बाजू ब' अशी. त्याशिवाय मी आणि भावाने वेळोवेळी आणून दिलेल्या सीडींच्या एमपीथ्री आहेत, आठ-नऊ हजार तरी असतील. सगळं मिळून २०० जीबीच्या आसपास, एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर.

टेपडेक केव्हाच बंद पडला. आता त्यांच्या खोलीत माझा जुना लॅपटॉप ठेवलाय, २ जीबी रॅम, त्यावर डेबियन लिनक्स टाकलंय आणि मागून वायर काढून त्यांच्या जुन्या अँप्लिफायरला दिलीय. नेहमीचा खिडकीवाला प्लेअर टाकून बघितला पण लायब्ररी स्कॅन करायला घेतली की लॅपटॉप गोठतो, पंखा ओरडायला लागतो आणि गाणं मध्येच अडकतं. शिवाय माउस हा बाबांचा शत्रू आहे, हात थोडा थरथरतो आणि ती बारीक बटणं नेमकी चुकतात. कीबोर्डचं मात्र काही वाटत नाही कारण नोकरीत आयुष्यभर टायपिंग केलंय, अजून न बघता टाइप करतात. म्हणून मनात आलं की टर्मिनलमधूनच, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या त्या खिडकीतूनच, वाजवलं तर? मी स्वतः टर्मिनलला घाबरत नाही पण यातलं गाण्यांचं काही माहीत नाही.

मुख्य गोष्टी म्हणजे ४५ मिनिटांची फाइल मध्येच थांबवली तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू व्हायला हवी, देवनागरी नावं नीट दिसायला हवीत, आणि बटणं थोडकी हवीत. आणि एक, त्या बाजूंमध्ये तीन-तीन चार-चार चिजा सलग आहेत, त्यातली हवी ती काढायची असेल तर फाइलचे तुकडे करावे लागतील का? तुकडे करायला बाबा तयार नाहीत.

खटपट्या
सीमस घ्या, दुसरं काही बघू नका, म्हणजे बघा पण आधी हे बघा. गेली दहा-बारा वर्षं मी रोज हेच वापरतोय, ऑफिसातही आणि घरीही. डेबियनच्या भांडारात आहे, सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीमस केलं की झालं (फोनवरून टाइप करतोय म्हणून सगळं देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा). २ जीबी रॅमचं अजिबात टेन्शन नको, त्याहून खूप कमी रॅमच्या मशिनवर चालवलंय मी.

उघडल्यावर रिकामी स्क्रीन दिसेल, गडबडून जाऊ नका. आधी कोलन दाबायचं, मग ॲड, स्पेस, आणि फोल्डरचा पत्ता, एंटर. पहिल्यांदा नऊ हजार फाइलींचे टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गायक, अल्बम, गाण्याचं नाव ही माहिती) वाचायला वेळ घेईल, तोपर्यंत हात लावू नका, एकदा वाचलं की कॅशमध्ये ठेवतं, पुढच्या वेळी पटकन उघडतं. वरच्या आकड्यांनी स्क्रीन बदलते, १ वर कलाकार आणि अल्बमचं झाड, २ वर सगळी गाणी एका यादीत, ३ प्लेलिस्ट, ४ रांग, ५ वर फोल्डर जसे डिस्कवर आहेत तसे. काकांच्या कॅसेटींना टॅग नसणार, म्हणजे त्यांच्यासाठी ५ नंबरचीच स्क्रीन कामाची, फोल्डर उघडा, फाइलवर जा, एंटर मारा, वाजलं. शोधायचं असेल तर तिरकी रेघ दाबून नाव टाइप करायचं.

आणि तुमच्या थोडक्या बटणांचं उत्तर तर याच्यात आधीच आहे. कीबोर्डची सगळ्यात खालची ओळ बघा, झेड एक्स सी व्ही बी. झेड म्हणजे मागचं गाणं, एक्स म्हणजे प्ले, सी पॉज, व्ही स्टॉप, बी पुढचं. ओळीने शेजारी शेजारी पाच बटणं. पूर्वी विंडोजवर विनअँप वापरलेल्यांना ही ओळ पाठ असेल, तिथेही हीच होती. टायपिंग केलेल्या माणसाला अर्ध्या दिवसात बसेल.

तिथूनच सुरू व्हायचं म्हणाल तर कोलन, सेट रिझ्युम बरोबर ट्रू, हे एकदा लिहून ठेवा, मग बंद करताना जे वाजत होतं ते पुढच्या वेळी त्याच जागी मिळतं. पण फक्त शेवटचं एकच हं, प्रत्येक फाइलची वेगळी जागा नाही लक्षात ठेवत.

एक सांगून ठेवतो, एमपीथ्रीच्या टॅगचा घोळ आधी निस्तरा. माझ्याकडे पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि नुसतं भीमसेन जोशी असे तीन वेगवेगळे कलाकार दिसायचे आणि मला वाटायचं निम्मी गाणी हरवलीत. प्लेअरचा दोष नाही, टॅगमध्ये जे लिहिलंय तेच तो दाखवणार. किडथ्री म्हणून प्रोग्रॅम आहे, त्याची कमांड-लाइनवाली आवृत्तीपण मिळते, फाइलच्या नावावरून टॅग भरून देतो, शंभर फाइलींना एकदम एक नाव लावतो. एक रविवार जाईल पण जाऊ द्या.

पेटीवाला
सीमस चांगलाच आहे, वाद नाही, पण ४५ मिनिटांच्या सलग फाइलींसाठी मी एमपीव्हीच सांगेन. हा मुळात व्हिडिओ प्लेअर, एमप्लेअरच्या घराण्यातला, पण नो-व्हिडिओ हा पर्याय देऊन चालवला की निव्वळ टर्मिनलमध्ये गाणं वाजतं. तो पर्याय विसरलात तर एमपीथ्रीच्या आत चिकटवलेलं कव्हरचं चित्र दाखवायला खिडकी उघडतो, काकांना ते नको असेल.

याचं वैशिष्ट्य म्हणजे शिफ्ट धरून क्यू दाबून बाहेर पडलात तर त्या फाइलची जागा लिहून ठेवतो, आणि प्रत्येक फाइलची वेगळी. म्हणजे कॅसेट ३७ विसाव्या मिनिटाला सोडली, मग कॅसेट ५२ ऐकली, पुन्हा ३७ लावली तर विसाव्या मिनिटालाच. दरवेळी शिफ्ट लक्षात ठेवायचं नसेल तर सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट ही ओळ त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये टाकून द्या, मग साध्या क्यूनेही तसंच होतं. फक्त एक, तो फाइलचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतो, त्यामुळे हार्ड डिस्क आज एका नावाने आणि उद्या दुसऱ्या नावाने माउंट झाली तर सगळं विसरला असं वाटेल. डिस्कला एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेली फाइल) कायमचा पत्ता देऊन टाका, यूयूआयडी म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळख-क्रमांक वापरून, ते कुठलाही प्लेअर घेतला तरी उपयोगाचं आहे.

आता थोडं माझ्या कामाचं सांगतो कारण काकांकडे बैठकींची रेकॉर्डिंग आहेत म्हणालात. मी हार्मोनियम शिकतोय, चौथं वर्ष. एखादी तान कानाला नुसती सर्रकन निघून जाते, काय झालं कळतच नाही. एमपीव्हीत तान सुरू होताना एल दाबायचा, संपताना पुन्हा एल, की तेवढाच तुकडा फिरत राहतो, तिसऱ्यांदा एल दाबला की सुटतो. आणि चौकोनी कंसाची दोन बटणं आहेत ना, त्यातलं डावीकडचं दाबलं की वेग दहा टक्क्यांच्या आसपास कमी, उजवीकडचं दाबलं की जास्त, आणि महत्त्वाचं म्हणजे पट्टी बदलत नाही! कॅसेटला हे जमायचं नाही, तिथे वेग कमी केला की आवाज जाडा व्हायचा आणि काळी दोनचं गाणं पांढरी एकला उतरायचं. परवा यमनमधली एक तान घेऊन बसलो होतो, तीव्र मध्यमावरून निषादावर जाताना मधला धैवत घेतलाय की नुसता ओझरता लागलाय हे मला दोन महिने कळत नव्हतं, वेग सत्तर टक्क्यांवर आणून दहा सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवला तेव्हा स्पष्ट ऐकू आलं, धैवत आहे, पण निषादाच्या कुशीतून. गुरुजींना वाजवून दाखवलं तर म्हणाले आता बरोबर. बॅकस्पेस दाबला की वेग पुन्हा मूळचा. हे सगळं माउसला हात न लावता, कारण उजवा हात पेटीवरच असतो आणि डाव्या हाताने भाता सोडून एक बटण दाबण्याइतकीच सवड मिळते.

पुढे-मागे जायला बाण आहेत, डावा-उजवा पाच सेकंद, वर-खाली एक मिनिट. आवाजाला ९ आणि ०.

सांजवेळ
किती छान माहिती दिलीत दोघांनी, मनापासून आभार. काल रात्री सीमस टाकला. पेटीवाला, तुम्ही लिहिलेलं धैवताचं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले त्या मुलाला सांग बरोबर ऐकलंस.

पण दोन ठिकाणी अडलेय. एक म्हणजे गाणं चालू असल्याचं दिसतं, वेळ पुढे सरकते, पण आवाज शून्य. वायर तीनदा काढून लावली, अँप्लिफायरला फोन जोडला तर त्यातून नीट येतोय. दुसरं म्हणजे देवनागरी नावांमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर येतेय आणि जोडाक्षरं फुटलीयत, 'भक्तिगीत' वाचताच येत नाहीये. काही जुन्या एमपीथ्रींच्या टॅगमध्ये तर नुसतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कशालाच अर्थ नाही.

धागादोरा
आवाजाचं आधी. वेळ पुढे सरकतेय म्हणजे प्लेअर आपलं काम करतोय, आवाज भलत्या दारातून बाहेर पडतोय किंवा दार बंद आहे. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर चालवा. उभे खांब दिसतील, त्यांच्या खाली एम एम लिहिलेलं असेल तर तो म्यूट आहे, बाणाने तिथे जाऊन एम दाबा, एम एमचं शून्य शून्य होईल, मग वरच्या बाणाने आवाज वाढवा. मास्टर उघडा असतो आणि हेडफोनवाला बंद असतो असं फार वेळा होतं, आणि तुमची वायर हेडफोनच्याच भोकातून निघालीय. तेही ठीक असेल तर एफ ६ दाबून कार्डं बघा. कित्येक लॅपटॉपवर एचडीएमआयचं कार्ड पहिलं धरलं जातं, म्हणजे न जोडलेल्या टीव्हीला आवाज जातोय. ए-प्ले आणि त्याला छोटा एल हा पर्याय दिलात की कुठली कार्डं आहेत ती यादी मिळते. नव्या डेबियनवर पाइपवायर (आवाज कुठे पाठवायचा ते बघणारी यंत्रणा) असेल तर डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस करा, ज्या आउटपुटसमोर चांदणी आहे तिकडे आवाज जातोय, दुसरीकडे वळवायचा असेल तर सेट-डिफॉल्ट आणि तिथला नंबर.

आता देवनागरी. टर्मिनल ही मूळ चौकटींची वही आहे, प्रत्येक अक्षराला एक चौकट, डावीकडून उजवीकडे. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, फाइलमध्येही नंतरच साठवलेली असते आणि दिसायला मात्र आधी यावी लागते, जोडाक्षरात दोन अक्षरं मिळून तिसराच आकार होतो. हे जुळवून दाखवायचं काम टर्मिनलच्या प्रोग्रॅमचं असतं, सीमसचं नाही. म्हणून सीमस बदलून उपयोग नाही, टर्मिनल बदला. एक्सटर्मला हे जमत नाही. एमएलटर्म नावाचं टर्मिनल मुळात बहुभाषी कामासाठीच केलेलं आहे, ते हलकं आहे, तुमच्या मशिनला झेपेल. केडीईचं कॉन्सोलही बरं दाखवतं पण सोबत बरंच सामान घेऊन येतं. नोटो सान्स देवनागरी फॉन्ट टाकून घ्या आणि अक्षराचा आकार मोठा ठेवा, काकांनाही बरं पडेल. तरीसुद्धा कॉलम एखाद-दोन चौकटी इकडेतिकडे हलतील, ते मी मान्य करून टाकलंय, वाचता येतं हे महत्त्वाचं.

तिसरं ते अर्थहीन अक्षरांचं, ते युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची एकच ठरलेली पद्धत) आधीचं दुखणं आहे. तेव्हा देवनागरी दाखवायला असे फॉन्ट होते की आत साठवलेलं अक्षर रोमनच, फक्त त्या फॉन्टमध्ये त्याचा आकार देवनागरी. तो फॉन्ट काढला की उरतात ती चिन्हं. प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी, त्यामुळे कुठला फॉन्ट होता हे कळलं तरच कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणता येतं. पन्नास-साठ फाइली असतील तर सरळ सीडीचं कव्हर समोर ठेवून हाताने पुन्हा टाइप करा, मी तेच केलं, कन्व्हर्टरच्या मागे लागून गेलेले दोन दिवस परत आले नाहीत.

जुनीरिळं
मी फक्त कॅसेटींबद्दल लिहिते कारण माझा सगळा जीव त्यात आहे, गेली सहा वर्षं मामांच्या स्पूल टेप उतरवतेय.

पहिलं, डब्ल्यूएव्ही फाइली एफएलएसीत, म्हणजे फ्लॅक या फॉरमॅटमध्ये, नेऊन ठेवा. सीडीच्या दर्जाला, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट स्टिरिओला, सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, म्हणजे ४५ मिनिटांची एक बाजू जवळजवळ ४७६ एमबी. एफएलएसी तेच सगळं साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांश जागेत बसवतो आणि एक बिटही टाकून देत नाही, उलट करून पुन्हा मूळ डब्ल्यूएव्ही जशीच्या तशी काढता येते. एमपीथ्री करू नका, ती गेलेली माहिती परत येत नाही. पण जागेपेक्षा मोठा फायदा टॅगचा आहे, डब्ल्यूएव्हीत टॅगची धड सोय नसते, एफएलएसीत टॅग युनिकोडमध्येच असतात, त्यामुळे राग, गायक, साथीला कोण, बैठक कुणाच्या घरी झाली, सगळं शुद्ध देवनागरीत फाइलच्या आतच राहतं. कमांड साधी, फ्लॅक, मग मोठा व्ही, मग फाइलचं नाव. मोठा व्ही दिला की केल्या केल्या पडताळून बघतो. मूळ फाइल आपोआप पुसायचाही एक पर्याय आहे, तो वापरू नका. आधी सगळं करा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत घ्या, मगच पुसायचा विचार करा. एकाच हार्ड डिस्कवर सगळं आहे हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला, माझी एक डिस्क एका सकाळी टकटक आवाज करून बंद पडली आणि त्यावर मामीच्या आवाजातल्या ओव्यांची एकुलती एक प्रत होती. प्लेअर नंतर, आधी दुसरी डिस्क.

तुकडे करायची गरज नाही, काका बरोबर सांगतायत. क्यू शीट करा. ही साधी टेक्स्ट फाइल असते, ऑडिओ फाइलच्या शेजारी ठेवायची, आत कुठली फाइल, कुठल्या ट्रॅकचं नाव काय आणि तो कितव्या मिनिटाला सुरू होतो एवढंच. वेळ मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशी लिहायची, एका सेकंदात ७५ फ्रेम, पण आपल्याला फ्रेम शून्यच ठेवली तरी चालते. मूळ फाइल अखंड राहते, मधल्या टाळ्या, तंबोरा जुळवणं, कुणीतरी 'पाणी आणा रे' म्हटलेलं, सगळं जागच्या जागी, आणि सीमसमध्ये प्रत्येक चीज वेगळं गाणं म्हणून दिसते. एमपीव्हीलाही क्यू शीट कळते. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा म्हणजे देवनागरी बिघडणार नाही.

सांजवेळ
जुनीरिळं ताई, बाबांकडे एक वही आहे! प्रत्येक कॅसेटचं पान, त्यावर चिजेचं नाव आणि पुढे टेपडेकच्या काउंटरचा आकडा. ०००, १८४, ३१० असे. तो आकडा सरळ मिनिटांत बदलता येईल का?

जुनीरिळं
सरळ नाही येणार. काउंटर रीळ किती वेळा फिरलं ते मोजतो, वेळ नाही. टेपचा वेग सारखाच असतो पण रिळावर टेप गुंडाळत जाते तसा त्याचा घेर बदलतो, त्यामुळे बाजूच्या सुरुवातीचे शंभर आकडे आणि शेवटचे शंभर आकडे यांना लागणारा वेळ वेगळा. पण क्रम आणि अंदाज पक्का मिळतो, ते खूप आहे. एमपीव्ही लावा, वरच्या बाणाने मिनिटामिनिटाने पुढे जा, चीज सापडली की डाव्या बाणाने पाच-पाच सेकंद मागे, आणि खाली टर्मिनलमध्ये जी वेळ दिसते ती लिहून घ्या. एका बाजूला दहा मिनिटं लागतात. आणि हे काकांना शेजारी बसवून करा, त्यांना त्या बैठकीचं जे आठवेल तेही टॅगमध्ये कॉमेंट म्हणून लिहा.

मध्यरात्र
अजून कुणी एमपीडीचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. वरचे दोन्ही प्लेअर टर्मिनल बंद झालं की बंद. एमपीडी मागे सेवक म्हणून चालत राहतो, २००३ पासून आहे, आणि त्याला आज्ञा द्यायला वेगळा क्लायंट असतो, एमपीसी म्हणून. एमपीसी टॉगल म्हटलं की थांबतं-चालतं, एमपीसी नेक्स्ट म्हटलं की पुढचं. मजा म्हणजे क्लायंट फोनवरही चालतो, म्हणजे लॅपटॉप बाबांच्या खोलीत आणि तुम्ही स्वयंपाकघरातून त्यांना गाणं लावून देऊ शकता, घरच्या वायफायवर ६६०० नंबरच्या पोर्टने. ते पोर्ट घराच्या बाहेर उघडू नका एवढं लक्षात ठेवा.

एक खड्डा आधीच दाखवतो. डेबियनवर एमपीडी स्वतःच्या वेगळ्या यूझरने चालतो आणि त्याला तुमच्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये शिरायची परवानगीच नसते, मग अपडेट करूनही लायब्ररी रिकामी. मी यात अख्खी रात्र घालवलीय. सिस्टिमवाली सेवा बंद करा आणि सिस्टिमसीटीएलला यूझर हा पर्याय देऊन आपल्याच खात्याने चालवा, मग दिसतं सगळं.

खटपट्या
मध्यरात्र, एमपीडी उत्तमच, पण इथे वाजवणारे काका आहेत आणि ते लॅपटॉपच्याच समोर बसणार आहेत, त्यांना सेवक आणि क्लायंट कशाला? आणि बाहेरून थांबवायचंच असेल तर सीमस-रिमोट आहेच, एसएसएचने लॅपटॉपवर शिरून त्याला छोटा यू दिला की पॉज. टर्मिनल चुकून बंद होईल ही भीती असेल तर टीमक्स नावाच्या प्रोग्रॅमच्या आत सीमस चालवा, खिडकी गेली तरी गाणं चालू.

मध्यरात्र
काका एकटेच ऐकणार असतील तर तुमचं बरोबर, मान्य. आमच्या घरी चार जण ऐकणारे आहेत आणि प्रत्येकाला आपल्या फोनवरून गाणं रांगेत टाकायचं असतं, म्हणून मला एमपीडीशिवाय पर्याय नव्हता. टीमक्सचं मात्र नक्की करा.

सांजवेळ
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना कळवायचंच होतं. आवाज एचडीएमआयकडेच जात होता, धागादोरा यांनी सांगितलं तसं वळवलं. एमएलटर्म टाकलं, अक्षर मोठं केलं, 'भक्तिगीत' आता भक्तिगीतच दिसतं. दुसरी हार्ड डिस्क त्याच आठवड्यात आणली आणि पूर्ण प्रत घेऊन भावाच्या घरी ठेवली, ताई, तुमच्या ओव्यांचं वाचल्यावर थांबवेना.

शेवटी सीमसच ठेवला, क्यू शीट करायला एमपीव्ही. लॅपटॉप चालू झाला की टीमक्स आणि त्यात सीमस आपोआप उघडतो. खालच्या ओळीतल्या पाच बटणांवर बाबांनीच रंगीत कागदाचे तुकडे चिकटवले, प्लेला हिरवा आणि स्टॉपला लाल, म्हणाले डेकवरही असंच होतं, मागे, प्ले, पॉज, स्टॉप, पुढे. पहिल्या दिवशी दोनदा विचारलं, मग विचारलं नाही.

रोज संध्याकाळी साडेसहाला वही घेऊन बसतो. आत्तापर्यंत अकरा कॅसेटींची क्यू शीट झाली. काल ०३७ च्या ब बाजूला मारवा संपल्यावर पाऊस ऐकू येतो, पत्र्यावर पडणारा, आणि त्यात एक माणूस हळू आवाजात काहीतरी सांगतोय. मी म्हटलं हा भाग कुठल्या चिजेत धरायचा? बाबांनी तो तुकडा एल दाबून चार वेळा फिरवला, मग म्हणाले हे आपले तबलजी, छत्री विसरलोय म्हणतायत, याला वेगळा ट्रॅक दे. दिलाय. ट्रॅक ०३, २९ मिनिटं १२ सेकंद, नाव 'पाऊस'.

आता एकच शंका, वहीत तीन कॅसेटींची पानं फाटलीयत, तिथे नुसतं ऐकून राग ओळखून नाव लिहावं लागणार. पेटीवाला, एका चिजेवर आमचं अडलंय, बाबा पूरिया म्हणतायत आणि मला सोहनी वाटतोय. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा पाठवला तर ऐकाल का?

पेटीवाला
जरूर पाठवा. जमलं तर सुरुवातीची आलापीसुद्धा द्या, दोघांचे स्वर तेच आहेत, फक्त पूरिया खाली मंद्रात रमतो आणि सोहनी वर तारसप्तकात, त्यामुळे नुसत्या पंधरा सेकंदांच्या तानेवरून मी फसेन.